कुलूपबंद वस्तरे

चिंचखेडच्या कौशल्य केंद्रात केशकर्तनाचा वर्ग चाले. वस्तरे मात्र खंडेनवमीच्या पूजेनंतर कुंकवासकट कपाटात बंद झाले होते. संस्थापक तात्यासाहेब म्हणत, "पाहुण्यांना वस्तू कोऱ्या दिसल्या पाहिजेत. विद्या डोक्यात असते, हत्यारात नव्हे." मुले पुस्तकातून दाढी शिकली.

निरोपसमारंभाला शहरातील एक सलूनमालक कारागीर निवडण्यासाठी आले. तात्यासाहेब सभेत गरजले, "आमची मुले तरबेज आहेत. डोळे झाकून कामावर घ्या!"

तुळसा गायधनी परीक्षेत पहिली आली होती. परंतु वस्तरा न धरलेल्या हाताला पहिल्याच दिवशी घरचा रस्ता दाखवतील, हे ती जाणून होती. ती उठून म्हणाली, "तात्यासाहेब, पहिला मान आपला. खुर्चीत बसा, आपली दाढी करते."

सभेदेखत नकार देणे शोभेना. कपाट उघडले, गालांना फेस लागला. वस्तरा गळ्याजवळ येताच तात्यासाहेब कुजबुजले, "पोरी, आजवर किती दाढ्या केल्यास?"

"एकही नाही," तुळसा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "पण विद्या डोक्यात आहे ना! आपण फक्त डोळे झाका."

तात्यासाहेब फेसासकट उठले.

सलूनमालक हसले नाहीत. "आधी यांचा हात बसू द्या," ते म्हणाले, "मग मी पुन्हा येतो."

त्या दिवसापासून कपाटाला कुलूप लागले नाही. पुढल्या खंडेनवमीला पूजेत मांडलेले वस्तरे झिजलेले होते. देवीला तीच पूजा अधिक रुचली असावी.