झिपरू आणि हिंगणवाडीचा फुटपाथ

हिंगणवाडीच्या ग्रामपंचायतीत झिपरू नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं एक अक्षर तो खाली पडू देत नसे. तिथंच सगळं बिघडे.

गावाला सरकारी अनुदान मिळालं आणि एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंत फुटपाथ झाला. केळीच्या ट्रकांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून जाणारी पोरं आता सुखानं चालणार होती. जिल्ह्याचे साहेब येऊन पाहून गेले, की पुढं दवाखान्यापर्यंतचाही मंजूर होणार होता.

सरपंच वत्सलाताईंनी झिपरूला बजावलं, काँक्रीट ओलं आहे, कुणाला पाय ठेवू देऊ नकोस. झिपरू काठी घेऊन बसला. पंधरवडा उलटला. काँक्रीटचा दगड झाला, तरी पोरं रस्त्यानंच. ताईंनी कपाळाला हात लावला.

"अरे, वाळलं की लोकांना वरून चालू द्यायचं."

झिपरूनं ते पाठ केलं. दुसऱ्या दिवशी जनाकाकूंनी त्या गुळगुळीत फुटपाथवर पापड वाळत घातले. झिपरू घटकेघटकेला एकेक दाबून पाही. दुपारी पापड कडक झाले. झिपरूनं अख्खी शाळा बोलावून वरून चालवली.

काकूंनी पंचायतीत येऊन चुऱ्याची पाटी ताईंपुढं ठेवली. ताई म्हणाल्या, वाटेत काही पसरलेलं दिसलं तर आधी उचलून आत ठेवावं.

तेही पाठ झालं. थांब्यापाशी यादवआबा पाय पसरून ऊन खात होते. समोर एसटी उभी होती. झिपरूनं आबांना उचललं आणि आत ठेवलं. आबा अनवाणी तालुक्याला पोचले. ताईंनी मोठा श्वास घेतला. माणसाला आधी विचारावं, म्हणाल्या, कुठं जायचंय ते. सांगेल त्या गाडीत बसवावं.

झिपरूला फार वाईट वाटलं. आता चुकायचं नाही, अशी त्यानं मारुतीसमोर शपथ घेतली.

साहेब यायच्या दिवशी सगळा गाव तोरण बांधून शाळेपाशी थांबला. झिपरू थांब्यावर. एसटीतून साहेब उतरले. झिपरूनं हात जोडून विचारलं, कुठं जायचंय? साहेब म्हणाले, हे पाहून झालं की परत जिल्ह्याला.

आलेली गाडी वळून जिल्ह्यालाच निघाली होती.

थोड्या वेळानं झिपरू धापा टाकत शाळेपाशी आला. ताईंच्या हातात नारळ होता.

"साहेब आले का?"

"आले, ताई. बसवूनही दिलं. खिडकीची जागा मिळाली."

"अरे, ते फुटपाथ बघायला आले होते ना?"

"तेच म्हणत होते, शाळेपर्यंत चालून बघतो म्हणून," झिपरू म्हणाला. "मी म्हटलं, साहेब, गाडी दारात उभी असताना पायी कशाला चालता?"