राजाच्या शेजारचं घर

बुद्धिबळाच्या सोंगट्या डाव संपल्यावर आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. हरलेल्या सोंगट्या पेटीत जाण्याआधी पुन्हा पटावर उभ्या राहत आणि कुठे चुकलं ते शोधत.

त्या दिवशी काळ्या हत्तीचा आवाज सर्वांत मोठा होता. राजाची काळजी त्याच्याइतकी कोणालाच नव्हती ना! डावभर तो कोपऱ्यातल्या राजाला खेटून उभा होता. समोरच्या प्याद्यांनी "एक घर पुढे सरकू का?" असं विचारलं, तेव्हा "गप्प उभे राहा, महाराजांना वारा लागेल," म्हणून त्यानेच दटावलं होतं.

"उंटोबा, तुम्ही कुठे चरत होतात?" तो आता ओरडला. "वजीरसाहेब तर शिकारीला गेलेले! मी एकटा जागचा हललो नाही, तरी पांढऱ्या घोड्याने उडी मारून शह दिलाच."

"शह काय, दर डावाला बसतो," एक प्यादं पुटपुटलं. "राजा सरकतो नि सुटतो."

हत्तीला ते पटलं. "खरंच महाराज, आपण नुसतं बाजूला का नाही झालात?"

राजा संकोचला. "समोर प्यादी होती रे. आणि बाजूला तू होतास."

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं, असं हत्तीला वाटलं. सोंड कुठे लपवावी ते त्याला कळेना.

पुढच्या डावात तो लांब जाऊन उभा राहिला, पण दर खेळीला मागे वळून बघत होता. एक प्यादं पुढे सरकलं. राजाला खरंच वारा लागला, आणि राजाने डोळे मिटून तो अंगावर घेतला.

हत्तीने मान खाली घातली.