दोराचं दुसरं टोक

भाविकहो, एके वर्षी तुळाजी महाराजांचा मुक्काम शेवरखेड्यात होता. गाव म्हणजे माळावरची मूठभर घरं. पाणी लांब आणि भांडणं मात्र दाराशी. महाराज गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात राहत. अंगावर काळी घोंगडी, डोक्याला काही नाही. आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" रिकाम्या पोटी माणसाला ब्रह्मज्ञान सांगू नये असं त्यांचं मत होतं, आणि पोट भरलेल्यालाही ते फारसं सांगत नसत.

त्या देवळाचं अंगण रोज झाडायची ठकूबाई. म्हातारी, विधवा. तिचा एकुलता एक लेक रखमाजी संस्थानच्या तुरुंगात होता. उगीच गुळमुळीत बोलून काय उपयोग? गुन्हा त्यानं केला होता. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी जुंपली, रागाच्या भरात त्यानं फावडं घातलं आणि त्या माणसाचा उजवा हात कायमचा लुळा पडला. सक्तमजुरीची मोठी शिक्षा झाली. तेव्हा रखमाजीची लेक येसू अजून आईच्या पोटात होती. पुढं तिची आई तिला जन्म देऊनच गेली. म्हणजे पोरीला आई नाही, बाप असून नाही आणि आजी पिकलं पान.

येसू मोठी होत गेली तशी विचारू लागली, "आज्जे, माझा बा कसा हाय गं?" शरमेनं ठकूबाईची जीभ रेटेना. मग तिनं एक बाप रचला. उंचापुरा, पैलवानी छातीचा, पीळदार मिशांचा, तांबडा फेटा बांधणारा. "सरकारच्या मोठ्या कामावर गेलाय," असं ती सांगायची. त्यात सरकार तेवढं खरं होतं. येसू त्या बापावर इतकी खूश होती की गावातल्या पोरांना तुच्छ लेखायची. ठकूबाई मात्र लेकाला भेटायला जायची ती एकटी, पोरीला शेजारी ठेवून.

ही गोष्ट महाराजांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी तिला झाडता झाडता थांबवलं.

"ठकू, पोरीला बापाकडं का नेत नाहीस?"

"महाराज, पायांत बेडी असलेला बा तिला कसा दावू?"

"गुन्हा त्यानं केला, शिक्षा त्याला झाली. बापावाचून वाढायची शिक्षा पोरीला कुणी दिली? कोर्टानं का तू?"

त्या शब्दांनी म्हातारीच्या काळजाला घरं पाडली. आपण उद्या डोळे मिटले तर ही पोर कुणाच्या दारात जाईल? आणि रखमा सुटून आला तर त्याला बघून ही पळत सुटेल. तिनं चटकन ठरवलं आणि संस्थानच्या राजधानीची वाट धरली, तुरुंग तिथंच होता. पोरीला आणायची परवानगी आधी विचारावी, मग तिला आणावं असा तिचा बेत होता.

तुरुंगावर नुकतेच अमृतराव नावाचे जेलर आले होते. माणूस शिकलेला, पगडीला सुरकुती खपवून न घेणारा. लाच खात नसत, कैद्याला उगीच मारत नसत. फक्त आपल्याला सगळं कळतं एवढाच एक रोग होता. ठकूबाईचं म्हणणं ऐकून त्यांनी मान हलवली.

"गुन्हेगारांच्या मुलांना गुन्हेगारांपासून लांब ठेवावं, त्यातच त्यांचं भलं आहे. तुझ्या नातीला बाप माहीत नाही ना? उत्तम झालं. तसंच राहू दे."

"सायेब, महाराज म्हणत्यात की पोरीला बा दावला पायजे."

"कोण महाराज?"

ठकूबाईनं नाव सांगितलं. अमृतराव मोठ्यानं हसले आणि शेजारच्या शिपायालाही हसावं लागलं.

"तो घोंगडीवाला? आता तुरुंगाचा कायदाही तोच शिकवणार का? बरं, असं कर. पुढच्या सोमवारी पोरीला घेऊन ये. मी कैद्यांची रांग उभी करतो. तिनं आपला बाप ओळखला तर दर महिन्याला खुशाल भेटवत जा. नाही ओळखला, तर पोरीनं पुन्हा या दरवाज्यात यायचं नाही आणि तूही त्या महाराजांचं नाव इथं काढायचं नाही. आहे कबूल?"

कबूल म्हणण्यावाचून म्हातारीच्या हातात काय होतं? ती हो म्हणाली आणि बाहेर पडली. पोर ओळखणार कुणाला? तिच्या मनातल्या बापाला मिशा होत्या आणि तुरुंगात हजामत होते. तिच्या मनातला बाप पैलवान होता आणि रखमाजी तर खंगून, वाकून गेलेला. आपणच लेकाच्या तोंडावर दुसऱ्याच माणसाचं तोंड चिकटवून ठेवलं, असं तिला वाटलं आणि वाटेभर ती स्वतःला बोल लावत राहिली.

महाराजांपुढे ती ढसाढसा रडली. सगळं कबूल केलं. महाराजांनी तिला आधी भाकरी खायला लावली, मग म्हणाले, "अजून सोमवार आला नाही. पोरीला खरं सांग."

"काय काय सांगू, महाराज?"

"आहे तेवढं सगळं. त्यानं मारलं तेही सांग आणि तुला तापात पाठीवर घेऊन वैद्याकडं नेलं तेही सांग. पुढचं मी बघतो."

ठकूबाई घरी आली आणि येसूला मांडीवर घेऊन तिनं खरं सांगायला सुरुवात केली. तुझा बा उंच नाही. त्याला मिशा नाहीत. त्यानं एका माणसाचा हात मोडला. त्याला लाज वाटली की तो डावा कान चोळतो. बैलांवर त्याचा फार जीव. ढवळ्याला काटा रुतला तर ह्याच्या डोळ्यांत पाणी. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्यासाठी त्यानं बाभळीच्या लाकडाची बाहुली कोरली, पण तिला नाकच करायला विसरला.

येसूनं सगळं ऐकलं आणि मांडीवरून उतरली. "असला बा नगं मला," ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही आजीशी बोलली नाही, कोपऱ्यात तोंड करून बसली. सोमवार जवळ येत होता. होता तो बापही आपण पोरीचा हिरावून घेतला की काय, या धास्तीनं ठकूबाई अर्धी झाली. शेवटी रविवारी येसूनं एवढंच विचारलं, "त्या भावलीला नाक का न्हाई केलं?" "ते तूच त्याला इचार," ठकूबाई म्हणाली. निदान पोरीनं विचारलं तरी, एवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाली. निघताना महाराज देवळाच्या पारावर बसून काही भक्तांशी बोलत होते. त्यांनी नुसता हात वर केला.

तुरुंगाचा मोठा दरवाजा मागं बंद झाला तेव्हा येसूनं आजीचा पदर घट्ट धरला. चौकात कैद्यांची रांग उभी होती. सगळ्यांचे कपडे सारखे, डोकी सारखी, माना खाली.

"म्हातारीला भिंतीकडे तोंड करून उभी करा," अमृतराव म्हणाले. "नाहीतर डोळ्यानं खूण करेल."

शिपायानं ठकूबाईला वळवलं. समोर पांढरी भिंत. पाठीमागं तिचा लेक आणि तिची नात, आणि तिला काहीच दिसत नव्हतं. येसूची हलकी पावलं फरशीवर वाजत पुढं गेली. थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली, आणि या खेपेला फार वेळ थांबली.

ती थांबली होती एका धिप्पाड कैद्यासमोर. पोरीच्या जुन्या मनातल्या बापाशी तो थोडाफार जुळत होता. अमृतरावांनी मुद्दामच त्याला मध्ये उभं केलं असेल असं कुणी म्हटलं, तर या सांगणाऱ्याला त्यात काही नवल वाटणार नाही. ठकूबाई ओठांतल्या ओठांत महाराजांचं नाव घेत होती आणि तेही तिला नीट घेता येत नव्हतं.

पावलं पुढं सरकली. रांगेच्या टोकापर्यंत गेली. मग येसूचा बारीक आवाज आला.

"ह्यांत माझा बा न्हाई."

ठकूबाई भिंतीला धरून खाली बसली. सगळं संपलं होतं. पोरीनं बापाला समोर बघून नाही म्हटलं, आणि ते आपल्या पापानं. तिला रडूही येईना.

"झालं समाधान?" अमृतराव म्हणाले. "आता पोरीला घे आणि चालू लाग. तुझ्या महाराजांना सांग, जेलर विचारत होते."

"माझा बा तिकडं हाय," येसू म्हणाली. "त्या दाराआड. महाराज त्या दाराशी हुबं हायेत. मला बोलावत्यात."

ठकूबाईनं झटकन मागं वळून पाहिलं. चौकाच्या पलीकडं दोर वळायच्या खोलीचं दार होतं, त्याला भलं मोठं कुलूप. दाराशी चिटपाखरू नव्हतं. मग तिची नजर रांगेवरून फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा उलटी. रखमाजी रांगेत नव्हताच. शिपायांनी माना खाली घातल्या. म्हातारी उठली, जेलरांसमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सायेब, माझा लेक कुठं हाय?"

अमृतरावांचा चेहरा उतरला. पोर गोंधळून कुणाचा तरी हात धरेल, मग महाराज खोटे ठरतील आणि ही कटकट कायमची मिटेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून सकाळी त्यांनी स्वतः रखमाजीला त्या खोलीत एकट्याला कोंडलं होतं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. आता सगळ्यांसमोर ती काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कुलूप निघालं आणि दार उघडताच जेलर उंबऱ्यातच थबकले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाडजूड दोर वळून तयार होता. नवा, घट्ट, एकसारख्या पिळाचा. भाविकहो, असा दोर एकट्या माणसाला वळता येत नाही. एका टोकाला पीळ देणारा लागतो आणि दुसऱ्या टोकाला ताण धरून मागं मागं सरकणारा लागतो. ते टोक खुंटीला बांधून भागत नाही. अमृतरावांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर काम न देता त्यांनी त्याला नुसतं कोंडलं होतं.

"दुसरं टोक कुणी धरलं?" त्यांनी विचारलं.

"सायेब, ते म्हातारं बाबा. घोंगडीवालं," रखमाजी बावरून म्हणाला. "मला वाटलं तुमीच धाडलं. मी रडत हुतो. ते म्हणालं, रडत बसू नगंस, टोक धर, पोर दाराशी येस्तवर हात चालू ठेव. आत्ता तर हुतं हितं."

जेलरांनी खोलीत पाहिलं. दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती.

पण रखमाजीचं लक्ष आता दोराकडे नव्हतं. आजीच्या मागून एक डोळा त्याच्याकडे बघत होता. तो पुढं धावला नाही. घाबरेल म्हणून होता तिथंच जमिनीवर बसला आणि खाली मान घालून डावा कान चोळू लागला. येसू थोडी बाहेर आली.

"तुमच्या बैलाचं नाव काय?" तिनं विचारलं.

"ढवळ्या."

"माणसाला का मारलं?"

"राग आला. चुकलं माझं, पोरी. लई चुकलं."

येसू आणखी जवळ आली. "आन् भावलीला नाक का न्हाई केलं?"

"तुझं नाक कसं असंल ते बघून करायचं हुतं," तो म्हणाला, आणि मग मात्र त्याचा बांध फुटला. येसू त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि आपलं नाक त्याला नीट दिसावं म्हणून तिनं तोंड वर केलं. ठकूबाई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, आणि त्या दिवशी कितीतरी वेळ तिला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही.

अमृतरावांना मात्र चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी ते शेवरखेड्याला आले. पारावर जमलेल्या लोकांना त्यांनी खोदून खोदून विचारलं. सगळ्यांचं एकच, काल महाराज दिवसभर इथंच होते, आमच्यादेखत. जेलरांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी दोन्ही तळवे गार पाण्याच्या घंगाळात बुडवून ठेवले होते. त्यांनी ते बाहेर काढून दाखवले. तळव्यांवर टरारून फोड आले होते आणि कातडीत दोराच्या घायपाताचे कुसळांसारखे बारीक तंतू रुतले होते.

"सवय नाही राहिली," महाराज म्हणाले. "तुमच्याकडची माणसं हे रोज करतात. त्यांच्या हातांना तेल देत जा."

अमृतरावांनी पगडी काढली आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागं घेतले.

"इथं नको. परीक्षा तुम्ही माझी घेतली नाही. जिची घेतलीत, ती तिकडं आजीबरोबर अंगण झाडतेय."

ठकूबाईनं पाहिलं तर साहेब अंगण ओलांडून थेट तिच्याकडे येत होते, उघड्या डोक्यानं. दिलेलं परत घ्यायला तर आले नाहीत ना? तिनं येसूला मागं ओढलं. पण अमृतराव त्या धुळीत गुडघे टेकून बसले. आधी म्हातारीच्या पायांशी वाकले आणि मग त्या एवढ्याशा पोरीपुढे त्यांनी हात जोडून डोकं जमिनीला टेकवलं.

येसूनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून विचारलं, "सायेब, आता बाला कोंडून ठेवणार न्हाई ना, मी आल्यावर?"

"नाही, बाळ," अमृतराव म्हणाले, आणि त्यांना डोकं वर उचलवेना. "तू येशील तेव्हा दार मी स्वतः उघडीन."