तिसरं नाव

एका राज्यात नदी वाहायची थांबली होती. उगमावरचा मणी चोरीला गेला, त्या क्षणी पाणी होतं तिथे उभं राहिलं. चोरांपैकी एकटी कमळजा सापडली. राजाच्या मांत्रिकाने तिला घाटावर उभं करून गळ्यापर्यंत दगड केलं.

त्या राज्याचा कायदा असा: साथीदाराचं खरं नाव दरबारच्या साळुंकीला सांगावं, म्हणजे थोडा दगड उतरेल. तीन नावांत माणूस मोकळं. मात्र नाव दर वेळी नवं हवं.

थांबल्या पाण्याच्या त्या घाटावर कुणी फिरकेना. कमळजेच्या खांद्यावर शेवाळ धरलं. अखेर एका दुपारी तिने भुयार खणणाऱ्या बिरूचं नाव सांगितलं. दगड कमरेपर्यंत उतरला. बिरूला आणून शेजारी दगड केलं. बोलायला माणूस आलं, असं तिला वाटलं. पण तो तिच्याकडे बघेना.

मग तिने उमाळीचं नाव सांगितलं. लहानपणापासून दोघी एका ताटात जेवलेल्या. दगड घोट्यांपर्यंत उतरला आणि उमाळी पलीकडे उभी राहिली. साळुंकीने त्या दोघांनाही विचारलं. त्यांच्यापाशी नवं नावच नव्हतं. होती ती कमळजेने आधीच खर्चली होती.

तिसरं नाव फक्त तिला ठाऊक होतं. म्हणून म्हातारा प्रधान स्वतः घाटावर आला.

"पोरी, थोरांचं ऐकावं. राजबागेतल्या माळ्याचं नाव घे. साळुंकी माझी आहे, खोटं नावही खरं म्हणून सांगेल."

"आजोबा, मणी माळ्याने मागितला नव्हता. तुम्ही मागितला होता."

तिने साळुंकीला प्रधानाचंच नाव सांगितलं. साळुंकी कुणाचीही असली, तरी खरं नाव तिला पोटात ठेवता येईना; तिने ते भर दरबारात उच्चारलं. पांढऱ्या दाढ्या खो खो हसल्या. प्रधानाचे गुडघे दगडाचे झाले, तेव्हा हसू थांबलं. त्याच्या पगडीतून मणी घरंगळला.

मणी उगमावर बसला. नदी वाहू लागली, आणि वाहत्या नदीकाठी कुणी दगड राहत नाही. प्रधानाला सीमेपार हाकललं. राजाने तो कायदा मोडीत काढला, साळुंकीला रानात सोडलं.

बिरू मागे न बघता घाट चढून गेला. कमळजेने उमाळीला हाक मारली.

उमाळी थांबली. "तुझ्यावर राग नाही, कमळजे. पण माझं नाव पुन्हा तुझ्या तोंडी नको."

कमळजेने मान हलवली. उमाळी दिसेनाशी झाली. मग नदी ज्या दिशेने चालली होती, त्या दिशेने कमळजा एकटीच चालू लागली. राज्यात सगळं पुन्हा जागच्या जागी आलं होतं.