बुधाचा शब्द

सज्जनहो, घाटमाथ्याच्या कडेला कारवंडी नावाचे एक गाव आहे. गाव कसले, डोंगराच्या पायाशी टेकलेली चार घरे. त्या गावाच्या भैरोबाच्या देवळात उमागीर महाराज एका चातुर्मासासाठी म्हणून उतरले आणि मग कित्येक वर्षे तिथेच राहिले. का राहिले, असे कुणी विचारले की महाराज हसत आणि म्हणत, "एका माउलीचं काम राहिलंय." ते काम कोणते, तेच आज सांगायचे आहे. डोळे पुसायला पदर हाताशी असू द्या.

या गावावर जो डोंगर आहे त्याच्या पोटात एक मोठी कपार आहे. वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि मधे लाल मातीचा एक पट्टा. त्या लाल पट्ट्यातली माती झिजून झिजून ती कपार झालेली. गावातल्या म्हाताऱ्या सांगत, की ही देवीची चूल. देवीने इथे जाळ केला तेव्हा खालची माती भाजून लाल झाली आणि वरचा वितळलेला रस निवून काळा दगड झाला. आता तुम्ही शिकलेली माणसे हसाल. पण आपल्या घरच्या चुलीखालची माती पाहा, ती लालच असते की नाही? म्हाताऱ्या काही अगदीच उगाच बोलत नव्हत्या.

या कपारीला गावाची राखण होती. आत लोखंड न्यायचे नाही, असा नेम. कोयता, विळा, पहार, जे असेल ते बाहेर ठेवायचे आणि मग वाकून आत जायचे. लाल माती ठिसूळ, तिच्यावर सगळा डोंगर बसलेला. तिला लोखंड लागले तर डोंगर खाली बसेल, हे जुन्यांनी ओळखले होते.

याच कपारीत बुधा बंडकरी शिरला आणि परत आला नाही. दुष्काळात लोक पाला खात होते तेव्हा या कोळ्याच्या पोराने सरकारी धान्याचे कोठार फोडले आणि घरोघर दाणे पोचवले. पुढे गोऱ्या सरकारचे शिपाई मागे लागले, डोंगराला वेढा पडला. शिपाई कपारीत गेले, तर आत चिटपाखरू नाही. कुणी म्हणाले भुयारातून कोकणात उतरला, कुणी म्हणाले डोंगराने पोटात घेतला. त्याची गाणी झाली, लग्नात बायका ती म्हणू लागल्या. गाणाऱ्यांचे काय हो, गाणे म्हणतात आणि जेवून घरी जातात. मागे त्याची आई राहिली. तिचे नाव ठमाबाई.

बुधा घरून निघाला तेव्हा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, "आये, येतो." आणि ती म्हणाली होती, "ये." एवढेच. त्या एका शब्दावर ती माउली जगत होती. रोज दुपारी एक भाकरी फडक्यात बांधून ती डोंगर चढायची, कपारीच्या तोंडाशी ठेवायची आणि खाली उतरायची. केस पांढरे झाले, पाठ वाकली, पण भाकरी चुकली नाही.

गावचे पाटील होते सुभानराव. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाने फाटका आणि मानाने ताठ. एकदा देवळात सगळ्यांसमोर त्यांनी म्हातारीला गाठले. डोंगरातले उंदीर तू चांगले पोसलेस म्हणाले. लोक हसले. तेवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण पाटील पुढे म्हणाले, "अगं ठमे, घरातून निघताना येतोच म्हणतात. जातो कोण म्हणतं? ती रीत असते. रीतीला धरून बसलीस व्हय जन्मभर?"

लोक पांगल्यावर म्हातारी महाराजांपाशी आली, पायरीवर बसली आणि खालच्या आवाजात तिने विचारले, "महाराज, माझा बुधा येतो म्हणाला, ती रीत व्हती, का शब्द व्हता?"

महाराजांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. इतका मोठा अधिकारी पुरुष, पण या प्रश्नाला त्यांनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे पाटलांनी नवी विहीर बांधायला काढली. दगड कुठला, तर कपारीतला. गावाने विनवले, वडारांनी कानाला हात लावले. महाराज स्वतः वाटेत उभे राहिले आणि म्हणाले, "सुभानराव, जा, पण पहार बाहेर ठेवून जा." पाटलांना तेच झोंबले. आत भूत नाही, बंडकरी नाही, नुसता दगड आहे, हे दाखवतो, म्हणाले. आणि खांद्यावर पहार टाकून एकटेच आत शिरले.

पहारेचे घाव बाहेर ऐकू येत होते. मग मातीचा सरकन आवाज झाला, त्यामागे डोंगर हादरला आणि कपारीचे तोंड दगडांनी बंद झाले.

गाव धावले. तोंडावर एक शिळा आडवी पडली होती. दहाजणांनी खांदे लावले, ती जागची हलेना. लोखंड लावावे तर वरचा कातळ खाली येणार. हाका मारल्या, आतून उत्तर नाही. पाटलीणबाईंनी तिथेच मातीत अंग टाकले.

इतक्यात ठमाबाई आली. हातात फडके, फडक्यात भाकरी. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हते. महाराजांनी तिला जवळ बसवले आणि काय झाले ते सांगितले. मग म्हणाले, "आई, आत माणूस अडकलाय. तुझ्या बुधाला हाक मार. तो दिलेल्या शब्दाला जागेल, येईल. पण एकदाच येईल. शब्द फिटला की त्याला वाटेला लावावं लागेल. मग तू त्याला ये म्हणायचं नाहीस, जा म्हणायचंस."

सगळे आयुष्य ज्या येण्याची वाट पाहिली ते येणे असे खर्च करायचे, आणि तेही कुणासाठी, तर जो तिच्या लेकाला हसला त्याच्यासाठी! म्हातारी म्हणाली, "महाराज, त्यानं माझ्या बुधाची थट्टा केली." आणि ती त्या शिळेकडे बघत बसली. बाजूला पाटलीणबाईंचे रडणे चालू होते. ते रडणे तिच्या ओळखीचे होते.

ती उठली. शिळेच्या फटीत तिने भाकरी सरकवली आणि तोंड लावून हाक मारली, "बुधा, ये रं बाळा. त्या माणसाला संगं घेऊन ये."

सज्जनहो, जी दहाजणांना हलली नाही, ती शिळा आपोआप एका अंगाला कलली. आतून सुभानराव बाहेर आले, अंगभर लाल माती, हातात अर्धी भाकरी. आणि उजव्या मनगटावर दुसऱ्या कुणाच्या तरी पंज्याची ओली लाल खूण.

आत काळोखात कुणीतरी हाताला धरले, असे त्यांनी सांगितले. भाकरी मोडून अर्धी हातावर ठेवली, अर्धी त्याने स्वतः खाल्ली. मग उजेडापर्यंत आणून त्याने हात सोडला. पाटलांनी वळून पाहिले तर मागे कुणी नव्हते.

ठमाबाईने त्यांचे ते मनगट दोन्ही हातांत घेतले. त्या खुणेवर आपली बोटे ठेवून बघितली. मग विचारले, "काही बोलला का?"

पाटलांनी मान खाली घातली. "म्हणाला, आयेला सांग, आलो व्हतो."

म्हातारी खाली बसली. रडली नाही, हाका मारल्या नाहीत. कपारीकडे तोंड करून, लहान लेकराला निजवताना बोलतात तशा आवाजात ती म्हणाली, "जा, बाळा. आता जा."

गावात कुणाच्याही आईने उंबऱ्यावरून लेकाला जा म्हटलेले नव्हते. तो शब्द ऐकून उभे गाव रडले. उमागीर महाराजांनीही उपरण्याने तोंड झाकले.

सुभानराव महाराजांच्या पायांवर पडायला गेले. महाराज मागे सरले आणि म्हातारीकडे बोट केले. पाटलांनी तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. दुसऱ्या दिवसापासून डोंगरावर भाकरी जाणार नव्हती आणि म्हातारीची ओंजळ रिकामी राहणार होती, हे त्यांना त्या क्षणी समजले. उठताना सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "येतो, आये."

बोलून गेले आणि ते तिथेच थबकले. महाराजांनी हळूच विचारले, "सुभानराव, ही रीत, का शब्द?"

पाटलांनी पुन्हा वाकून तिच्या पायांवर कपाळ टेकले. म्हातारीने लाल मातीने माखलेल्या त्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ये."