शाळापट्टी आणि महाराजांचे एक्केचाळीस मतदार

"शाळापट्टी बंद!" किन्हईगडच्या महाराजांनी जाहीर केलं.

पण बंद करायची तर मत घ्यावं लागे. आजोबामहाराजांनीच तशी रीत घालून दिली होती. दर पाच वर्षांनी चावडीवर परात ठेवायची. एका छपराचं एक मत. पट्टी चालू ठेवायची तर चिंचोका टाकायचा, बंद करायची तर हरभरा.

गावकऱ्यांची छपरं चाळीस. चाळीसही चिंचोके पडले! शाळेत झाडलोट करणारी गिरजा खूश झाली. तिची लेक सतराच्या पाढ्यापर्यंत आली होती. पट्टीविना शाळा बंद पडली, तर पोर जन्मभर सतरावरच राहणार!

तेवढ्यात महाराज आले. "आमची छपरं मोजा! वाडा एक, तबेले अकरा, कोंबड्यांची खुराडी एकोणतीस! कारभारी, टाका एक्केचाळीस हरभरे!"

"महाराज, खुराड्यालाही मत?" गिरजानं विचारलं.

"छप्पर आहे ना? मग मत आहे! आता या हरभऱ्यांना माणसाचा हात न लावता जिंकून दाखव. जमलं तर आम्ही पट्टी दुप्पट भरू!"

"जमेल की! फक्त रीत पाळा. छपराखाली राहणारा स्वतः चावडीवर हजर हवा. माझी सासूसुद्धा खाटेवरून आलीय."

"एवढंच? आणा रे सगळ्यांना!"

मतदार आले. तबेल्यागणिक एक असे अकरा घोडे रांगेत, कोंबड्या जरा बेशिस्त. कारभाऱ्यांनी हजेरी घेतली. पहिल्या घोड्यानं परातीचा वास घेतला आणि थेट हरभऱ्यांत तोंड घातलं.

"अरे, धरा त्याला!" महाराज ओरडले.

"माणसाचा हात लावायचा नाही, महाराज!"

एका घोड्यानं चिंचोका चावून पाहिला आणि थुंकला. कारभाऱ्यांनी तो पुसून परत ठेवला. राहिलेले हरभरे कोंबड्यांनी टिपले. परातीत उरले चाळीस चिंचोके.

"हा दगा आहे! आमची मतं कुठं गेली?"

"दगा कसला? ज्यांची मतं होती, त्यांनीच परत घेतली!"

"आणि आमचं स्वतःचं मत?"

"ते त्या तुरेवाल्या कोंबड्यानं घेतलं. तुमच्या घरचाच आहे, समजावून बघा!"

महाराजांनी कोंबड्याकडे पाहिलं. मग पोट धरून हसत खालीच बसले!

पट्टी चालू राहिली, महाराजांची दुप्पट झाली. गिरजाला महाराजांच्या खांद्यावरचा शेला मिळाला. आणि अकराही घोड्यांची नावं त्याच दुपारी मतदार यादीतून काढण्यात आली. कारण लिहिलं होतं: फितूर!