वेशीवर अडलेला येसाजी

डोंगरउतारावर भोरखडक नावाचे गाव होते. बसऱ्याची लढाई संपून शिपाई बोटीने परतू लागले, त्या साली तिथल्या भैरवनाथाच्या देवळात आत्मगिरी महाराज येऊन राहिले. ना गादी, ना शिष्यांचा लवाजमा. कुणी अंगारा मागितला की महाराज हसून म्हणत, "राख तुझ्या चुलीतही आहे की!" असा हा निर्मळ पुरुष!

देवळाची झाडलोट भागूबाई करी. तिचा नवरा येसाजी त्याच लढाईहून जिवंत परतला होता. तिने खरे तर आनंदात असावे. पण दैवाची तऱ्हा पाहा! तो आला त्या दिवशी तिने रीतीप्रमाणे दारात त्याच्या पायांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती म्हणाली, "या आत." येसाजीने उंबऱ्याकडे पाऊल उचलले, मागे वळून पाहिले, आणि तसाच उलट पावली निघून गेला. तेव्हापासून तो वेशीच्या देवडीत बसून असे. देवळात ढोल वाजला की जमिनीवर पालथा पडे. भागूबाईने नेलेल्या भाकरीचे तुकडे करून दगडावर ओळीने मांडी आणि कुणाची तरी वाट पाहत बसे. तुकडे कुत्री खात.

तो परमुलखात होता तेव्हा भागूबाईला वाट पाहायची सवय झाली होती. आता तो हाकेच्या अंतरावर होता आणि तरी तिला त्याची आठवण येई. समोर बसलेल्या माणसाची आठवण येणे, याहून मोठा विरह कोणता?

गावात तुळाजीराव नावाचे पेन्शनर सुभेदार होते. मिशीला पीळ आणि जिभेला धार. त्यांचा एकुलता एक मुलगा गणोजी येसाजीच्याच पलटणीत होता. तो बेपत्ता असल्याचे सरकारने कळवले होते. "तुर्कांच्या कैदेत असंल. बिल्ला लावून येतोय बघा माझा वाघ," असे सुभेदार चारचौघांत सांगत. आणि येसाजी दिसला की त्यांचे पित्त खवळे.

"वाघ तिकडं राहिले आणि शेळ्या परत आल्या!" ते वेशीत उभे राहून म्हणत. भागूबाई ऐकून घेई. करते काय बिचारी!

भैरवनाथाची जत्रा जवळ आली. पालखी वेशीतून जायची, तिथे वेडा नको, म्हणून सुभेदारांनी येसाजीला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचे ठरवले. गाडीही सांगितली. भागूबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिकडे गेलेला माणूस परत आल्याचे तिने कधी ऐकले नव्हते. तिने देवळात येऊन महाराजांचे पाय धरले.

"महाराज, एवढ्या लढाईतनं त्यांस्नी देवानं राखलं आणि आता गावच न्यायला निघालंय. मला एकदा त्यांस्नी घरात आलेलं बघायचंय."

महाराजांनी तिला उठवले. मग त्यांनी विचारले, "दारात पाणी कुणाकुणाच्या पायांवर घातलंस, मुली?"

"त्यांच्याच. ते एकलंच आलं हुतं न्हवं?"

"एकटा असता तर आत आला असता," महाराज म्हणाले.

सकाळी गाडी वेशीशी उभी राहिली. सारा गाव जमला. महाराजांना येताना पाहून सुभेदार हसले. "या बुवा! गोसाव्याच्या फुंकरीनं गडी माणसात यायचा, तर सरकारनं इस्पितळं कशाला बांधली?"

महाराज रागावले नाहीत. ते येसाजीपुढे मातीत बसले. "येसाजी, बाळा, तुझ्याबरोबर कोण कोण आलंय?"

येसाजीने मान वर केली. गावात आल्यापासून तो प्रथमच बोलला. "तुर्कांच्या येढ्यात पीठ सपलं तवा समद्यांनी एकमेकांस्नी आण घातली. जो वाचंल त्यानं बाकीच्यांस्नी घरी न्यायचं. मी आणलंय, महाराज. पर त्यांस्नी कुणी या म्हणंना. त्यांस्नी भाईर ठिवून मी कसा जाऊ?"

गर्दीतून हुंदका फुटला. महाराज बायांकडे वळले. "पाणी आणा. भाकरतुकडा आणा."

"मेलेल्यास्नी ओवाळत न्हाईत, महाराज," एक म्हातारी कळवळून म्हणाली. "आमी दहावं बी केलं."

"माय, पोचवायच्या आधी लेकरू घरी यावं लागतं. तुमची अजून वेशीबाहेर उभी आहेत!"

येसाजीने पहिले नाव घेतले, "दौलू." त्याची आई पुढे झाली. तिने मोकळ्या जागेवर भाकरतुकडा ओवाळला, मातीवर पाणी ओतले. आणि काय नवल! त्या धुळीत ओली पावले उमटली आणि एकापुढे एक पडत दौलूच्या घराकडे गेली. मग म्हादबाची गेली. कासमच्या अम्मीने पाणी ओतले, त्याचीही गेली. सारा गाव हात जोडून उभा राहिला.

येसाजी थांबला. त्याने सुभेदारांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "गणोजी," तो म्हणाला.

"खोटं!" सुभेदार ओरडले. पण त्यांची पत्नी म्हाळसाबाई तांब्या घेऊन केव्हाच पुढे आली होती. तिने पाणी ओतले. डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली, लहानपणी बैलाने तुडवलेली, ती पावले सुभेदारांच्या पुढ्यात क्षणभर थबकली आणि घराकडे चालू लागली.

सुभेदारांचा पीळ तिथेच सुटला. ते महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "माझ्या नव्हे. ज्यानं तुमचं पोर इथवर आणलं, त्याच्या."

सुभेदारांनी येसाजीचे पाय धरले. "लेकरा, शेवटाला काय म्हणला रं त्यो?"

"'आप्पास्नी सांग, मी भ्यालो हुतो,' म्हणला. 'आप्पा रागवायचं न्हाईत,' म्हणला."

"न्हाई रं, न्हाई रागवत," सुभेदार रडत म्हणाले. त्यांनी गाडी परत धाडली आणि येसाजीला हाताला धरून त्याच्या दारी आणले. भागूबाईने पायांवर पाणी घातले. येसाजी उंबरा ओलांडून आत आला. इतक्या वर्षांचे बोलायचे साठले होते, पण तिच्या तोंडून एवढेच निघाले, "लई उशीर केला तुमी."

"व्हय," येसाजी म्हणाला, आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला. दारात सुभेदार त्या उंबऱ्यावर डोके टेकून होते. त्यांना उठवायला कुणी गेले नाही.